निशाणाचा पदर कुठला?

मागच्या महिन्यात या सदरात मी एवढंच लिहिलं होतं, की झेंड्याच्या आणि ढालींवरच्या चिन्हांच्या परिभाषेबद्दल कुणाला काही विचारायचं असेल तर जरूर लिहा. पत्रं अपेक्षेपेक्षा जास्त आली. रविवार कारंज्याजवळच्या गल्लीत अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, पताका-तोरणांचं दुकान होतं. वयाच्या बाराव्या वर्षापासून मी त्यांच्या शेजारच्या मशीनवर बसले. पुस्तकी शब्द पुढे सार्वजनिक वाचनालयात बसून शिकले. दोन्हीकडचे शब्द जुळवत उत्तरं देते आहे.

प्रश्न: आमच्या शाळेत १५ ऑगस्टला व्यासपीठामागे तिरंगा उभा लावायचा होता. केशरी पट्टा कुठल्या बाजूला, यावर आम्हा शिक्षकांतच दोन तट पडले. नियम 'उजवीकडे' म्हणतो. कुणाच्या उजवीकडे? (एक शिक्षिका, सिन्नर)

बाई, भांडण 'उजवं' या शब्दानं लावलं आहे. भारतीय ध्वजसंहिता, २००२ म्हणते, की उभा लावलेल्या ध्वजाचा केशरी पट्टा ध्वजाच्या उजव्या बाजूला हवा, म्हणजे समोरून बघणाऱ्याच्या डावीकडे. तुमच्या विद्यार्थ्यांना तो डावीकडे दिसला पाहिजे.

ही रीत युरोपातल्या ढालींच्या शास्त्रातही तशीच आहे. तिथे ढालीच्या उजव्या बाजूला 'डेक्स्टर' आणि डाव्या बाजूला 'सिनिस्टर' म्हणतात, आणि दोन्ही बाजू धरायच्या त्या ढाल हातात घेऊन मागे उभ्या असलेल्या माणसाच्या. बघणारा समोर असतो, म्हणून त्याला सगळं उलटं दिसतं. आरशासमोर उभं राहून कुंकू लावणाऱ्या बाईला हे वेगळं समजवावं लागत नाही. ढाल ज्याच्या हातात, उजवी बाजू त्याची. एवढं लक्षात ठेवलंत तर या विषयातला निम्मा गोंधळ संपतो.

मी हे शिकले ते चूक करून. सतराव्या वर्षी एका मंडळाचं निशाण शिवलं, भगव्यावर पांढरा सिंह. दोन रात्री बसून सिंहाची आयाळ टाचली होती. अण्णांनी ते काठीला लावून धरलं आणि दुकानाच्या दारातून गल्लीत चार पावलं चालून दाखवलं. चालणारा पुढे जात होता आणि माझा सिंह मागे बघत होता. मी त्याचं तोंड मोकळ्या टोकाकडे केलं होतं. अण्णा म्हणाले, "सिंह काठीकडे बघतो, पोरी. काठी पुढे जाते, तिच्या बरोबर तो जातो. पाठ दाखवणारा सिंह आपण शिवत नाही." मग त्यांनी स्वतः पातं घेतलं आणि टाका न टाका उसवला. श्रीलंकेच्या झेंड्यावरचा तलवार घेतलेला सिंह बघा, तोही काठीकडेच तोंड करून उभा आहे.

प्रश्न: माझं घर पैठणीच्या मागावर चालतं. मुलाच्या पुस्तकात झेंड्याच्या भागांची चार इंग्रजी नावं होती: फील्ड, चार्ज, हॉइस्ट, फ्लाय. यांना मराठी शब्द आहेत का, की तेच वापरायचे? (एक वाचक, येवला)

तुमच्या घरात हे शब्द रोज बोलले जातात, म्हणून हे उत्तर मी सगळ्यांत आनंदानं लिहिते आहे.

पैठणीचं वर्णन तुम्ही कसं करता? निळ्या जमिनीवर सोनेरी बुट्टी, अमुक काठ, पदरावर मोर. 'फील्ड' म्हणजे जमीन. ढालीची किंवा झेंड्याची ती मूळ पाटी, जिच्यावर पुढचं सगळं बसतं. 'चार्ज' म्हणजे जमिनीवर बसवलेली आकृती: सिंह, तारा, चक्र, काहीही. तुमच्या भाषेत बुट्टा. एकच बुट्टा सगळ्या जमिनीवर विखरून दिला तर त्याला ते 'सेमे' म्हणतात. फ्रान्सच्या राजांची जुनी ढाल तशी होती, निळ्या जमिनीवर लिलीची सोनेरी फुलं पेरलेली. त्याला बुट्टीदार म्हटलं तर येवल्यात कुणी अर्थ विचारणार नाही.

'हॉइस्ट' म्हणजे काठीकडची बाजू. 'फ्लाय' म्हणजे समोरचं मोकळं, वाऱ्यावर उडणारं टोक. आमच्या दुकानात त्याला पदरच म्हणत. झेंडा फाटतो तोही पदरातच, कारण वाऱ्याचा मार तिथे बसतो. काठीकडची कड दुमडून दोरी किंवा काठी जाण्यासाठी जी पोकळ पट्टी शिवतात ती 'स्लीव्ह', आणि परकर शिवणाऱ्या कुणालाही विचारा, त्या पट्टीला नेफा म्हणतात. दोरी अडकवायचा लाकडी तुकडा 'टॉगल', आमची गुल्ली. काठीच्या बाजूचा वरचा कोपरा 'कँटन', त्याला एका शब्दाचा मराठी पर्याय मी कधी ऐकला नाही. मी 'मानाचा कोपरा' म्हणते, कारण वारा पडल्यावरही दिसत राहतो तो तेवढाच भाग. अमेरिकेच्या झेंड्यातले तारे त्याच कोपऱ्यात आहेत.

पन्हा हा शब्दही तुमचाच. आपल्याकडे झेंड्याचं मोजमाप सांगताना लांबी आधी येते आणि पन्हा, म्हणजे काठीलगतची उंची, नंतर. तिरंग्याचं प्रमाण ३:२, लांबी तीन, पन्हा दोन. सरकारी प्रमाणाप्रमाणे त्याचे नऊ आकार आहेत, सर्वांत मोठा ६३०० बाय ४२०० मिलिमीटर आणि सर्वांत लहान १५० बाय १००. त्यातला ९०० बाय ६०० चा घ्या. प्रत्येक पट्टा २०० मिलिमीटर आणि चक्राचा व्यास १८५. म्हणजे पांढऱ्या पट्टीत चक्राच्या वर साडेसात आणि खाली साडेसात मिलिमीटर एवढीच मोकळी जागा. करंगळीच्या नखाएवढीसुद्धा नाही. बाजारातल्या पुष्कळ झेंड्यांत चक्र लहान काढून पांढरं भरपूर सोडलेलं दिसतं. मला ते बघवत नाही. शिवायला सोपं पडतं हे मला माहीत आहे, पण राष्ट्राच्या निशाणात सोपं बघायचं नसतं. चक्र दोन्ही बाजूंनी दिसलं पाहिजे, म्हणून सुलट बाजू जितकी नीट तितकीच उलटही.

ढालीवरच्या पट्ट्यांची नावंही सांगून टाकते. उभा पट्टा 'पेल', आडवा 'फेस', फुली 'सॉल्टायर', हवालदाराच्या बाहीवरच्या फितीसारखा कोन 'शेव्हरॉन'. तिरका पट्टा तो 'बेंड', आणि तो समजायला जानव्यासारखं उदाहरण नाही. साधा बेंड ढाल धरणाऱ्याच्या उजव्या खांद्यावरून डाव्या कुशीकडे उतरतो, म्हणजे श्राद्धातल्या अपसव्यासारखा. 'बेंड सिनिस्टर' डाव्या खांद्यावरून उजव्या कुशीकडे, रोजच्या सव्य जानव्यासारखा. आमच्या आळीतल्या एका गुरुजींना मी हे दाखवलं तेव्हा ते बराच वेळ पुस्तकातली ढाल न्याहाळत बसले होते.

प्रश्न: मी नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालो. माझ्या संग्रहात स्वित्झर्लंडचं एकाच रंगात छापलेलं जुनं तिकीट आहे. त्यावरच्या ढालीत बारीक उभ्या रेघा आहेत, मधला क्रॉस मात्र कोरा. ही नक्षी आहे की काही अर्थ आहे? (एक तिकीटसंग्राहक, जेलरोड)

अर्थ आहे, आणि आयुष्य छपाईत गेलेल्या माणसाला तो आवडेल. काळ्या शाईत रंग दाखवायची ही युक्ती आहे. सिल्व्हेस्टर पेट्रा सांक्ता नावाच्या इटालियन जेझुइट पाद्र्याच्या १६३८ मध्ये छापलेल्या ग्रंथातून ती सगळीकडे रूढ झाली. उभ्या रेघा म्हणजे तांबडा, आडव्या म्हणजे निळा, उभ्याआडव्या जाळीचा काळा. तिरक्या रेघांचा हिरवा, त्या बघणाऱ्याच्या डावीकडून वरून उजवीकडे खाली उतरतात. उलट्या तिरक्या जांभळा. नुसते ठिपके म्हणजे सोनं आणि कोरी जागा म्हणजे चांदी किंवा पांढरा.

आता तुमचं तिकीट पुन्हा भिंगाखाली धरा. तांबड्या जमिनीवर पांढरा क्रॉस. रंग न वापरता सगळा झेंडा छापला आहे.

आपल्याकडे ही वेळ आली नाही. २१ नोव्हेंबर १९४७ ला निघालेलं स्वतंत्र भारताचं पहिलं तिकीट, साडेतीन आण्यांचं, 'जयहिंद' लिहिलेलं, तुमच्याच प्रेसमध्ये छापलं गेलं आणि त्यावरचा तिरंगा रंगीतच होता.

प्रश्न: आडनाव दिलं की 'तुमच्या घराण्याची ढाल' छापून घरपोच देणारे काही जण आहेत. ती खरी असते का? आणि आपलं देवक म्हणजे तेच का? (एक विद्यार्थी, गंगापूर रोड)

पैसे भरले नसतील तर भरू नका. इंग्लंडच्या रीतीप्रमाणे ढाल आडनावाला मिळत नाही, माणसाला मिळते. ती नोंदवणारं 'कॉलेज ऑफ आर्म्स' १४८४ पासून लंडनमध्ये आहे. बापाची ढाल मुलांकडे वारशानं जाते, पण बाप हयात असेपर्यंत थोरल्या मुलानंसुद्धा तिच्यावर एक खूण जोडायची असते, 'लेबल' नावाची तीन शेपट्यांची आडवी पट्टी. बाप कोण आणि लेक कोण हे लांबून ओळखता आलं पाहिजे. एकाच आडनावाचे, एकमेकांशी नातं नसलेले हजार लोक असले तर त्यांची एक ढाल होऊच शकत नाही.

यावर ते लोक किती कडक होते याची एक हकिकत सांगते. १३८५ मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड स्कॉटलंडवर चालून गेला. त्या फौजेत सर रिचर्ड स्क्रोप आणि सर रॉबर्ट ग्रोव्हनर असे दोन सरदार, आणि दोघांच्या ढालीवर तंतोतंत एकच चित्र: निळ्या जमिनीवर सोनेरी तिरका पट्टा. दोघांपैकी कुणीही माघार घेईना. वर्षानुवर्षं खटला चालला, शेकडो साक्षी झाल्या. कवी जेफ्री चॉसरनं १३८६ मध्ये साक्ष दिली. तो म्हणाला, लंडनच्या फ्रायडे स्ट्रीटवरून जाताना एका खानावळीबाहेर हीच ढाल टांगलेली दिसली, मी विचारलं की स्क्रोपांची ढाल इथे कुणी लावली, तर कळलं की ही ग्रोव्हनर नावाच्या कुणाची आहे, आणि ते नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. निकाल स्क्रोपच्या बाजूनं लागला.

या खटल्यात चित्र कुणी दाखवलं नसतं तरी चाललं असतं, हे मला महत्त्वाचं वाटतं. 'निळी जमीन, सोनेरी तिरका पट्टा' एवढे शब्द पुरेसे होते. अशा शब्दांतल्या वर्णनाला 'ब्लेझन' म्हणतात. त्याचा क्रम ठरलेला असतो: आधी जमीन, मग मुख्य आकृती, मग बारीकसारीक. दहा चितारी तेच वर्णन ऐकून दहा वेगळे सिंह काढतील, पण ढाल एकच राहील.

आता देवक. कळंब, पंचपालवी, मोरपीस, शंख, घराण्याघराण्यात वेगवेगळं. लग्नात आपण त्याची प्रतिष्ठा करतो, आणि जिथे ही रीत पाळतात तिथे एक देवक असलेल्यांत सोयरीक होत नाही. ते कुळाचं आहे, एका माणसाचं नाही, ते पुजायचं आहे, मिरवायचं नाही. ढाल रणात ओळख पटावी म्हणून आली, देवक मांडवात येतं. माझं मत विचाराल तर दोन्हींना एका पारड्यात घालू नये. देवकाचं 'बोधचिन्ह' करून पत्रिकेवर छापलेलं मी पाहिलं आहे आणि मला ते रुचलं नाही.

प्रश्न: शाळेच्या बिल्ल्याला 'क्रेस्ट' म्हणतात ते बरोबर का? (एक पालक, इंदिरानगर)

नाही. क्रेस्ट म्हणजे शिरस्त्राणाच्या माथ्यावरचा तुरा, तेवढाच. मधली ती ढाल, दोन्ही बाजूंनी ढाल धरून उभे असलेले प्राणी 'सपोर्टर', खालच्या फितीवर ब्रीदवाक्य. सगळं मिळून 'कोट ऑफ आर्म्स', मराठीत कुलचिन्ह किंवा मानचिन्ह. बिल्ल्याला बिल्लाच म्हणा, छान शब्द आहे.

प्रश्न: ध्वज, पताका, झेंडा, निशाण, बावटा, जरीपटका. सिंहस्थाच्या बातम्यांत यांतले सगळे शब्द कसेही वापरलेले दिसतात. काही फरक आहे की नाही? (एक वाचक, पंचवटी)

आहे. बोलणारा माणूस तो पाळतो, बातमी लिहिणारा घाईत विसरतो. रामकुंडावर सिंहस्थाचं ध्वजारोहण होतं, झेंडावंदन होत नाही. २०१५ मध्ये १४ जुलैला ते झालं तेव्हा मी घाटावर होते. ध्वज म्हणताना नुसतं कापड अभिप्रेत नसतं, दंडही आला आणि दंडावरची खूणही. संस्कृतात देवांची आणि वीरांची नावंच त्यावरून पडली आहेत: गरुडध्वज विष्णू, वृषभध्वज शंकर, मकरध्वज मदन, कपिध्वज अर्जुन, आणि ताडाचं झाड मिरवणारे भीष्म ते तालध्वज. एका शब्दात सगळं वर्णन. पाश्चात्त्यांचं ब्लेझन एवढं आटोपशीर क्वचितच असेल.

पताका हलकी, वाऱ्याची. वारकऱ्याच्या खांद्यावर असते ती पताका. त्र्यंबकेश्वराहून निवृत्तिनाथांची पालखी निघते तेव्हा पुढे चालतात त्या पताका. निशाण म्हणजे मुळात खूण, फारसीतून आलेला शब्द. बावटा इशाऱ्याचा, बंदरावर वादळाचा बावटा लागतो, आणि चळवळीचाही, लाल बावटा. झेंडा या सगळ्यांना पुरून उरतो, अटकेपार रोवला तो झेंडाच. सप्तशृंगगडाच्या शिखरावर चैत्रोत्सवात आणि नवरात्रात दरेगावचे गवळी पाटील लावतात त्याला मात्र सगळा जिल्हा कीर्तिध्वज म्हणतो, दुसरा शब्द मी कुणाच्या तोंडून ऐकला नाही.

जरीपटका म्हणजे मराठ्यांच्या फौजेचं जरीचं निशाण, पदराकडे खाच असलेलं, दोन शेंड्यांचं. या आकाराला इंग्रजीत पाकोळीसारख्या एका पक्ष्याच्या शेपटीचं नाव आहे, 'स्वॉलोटेल'. दोन शेंडे म्हटलं की लोक नेपाळचं नाव घेतात, पण तिथला झेंडा तसा नाही. तिथे दोन त्रिकोणी पताका एकीवर एक रचल्या आहेत. चौकोनी नसलेला जगातला तो एकमेव राष्ट्रध्वज आहे. तो कसा काढायचा हे त्यांच्या राज्यघटनेच्या परिशिष्टातच भूमितीच्या रचनेसारखं पायरीपायरीनं लिहून ठेवलं आहे.

तुम्ही विचारला नाहीत तो एक शब्द मी घालते: ढाल. मोल्सवर्थच्या मराठी कोशात ढालीचा पहिला अर्थ ढालच आहे, पण दुसरा आहे फौजेचं मोठं निशाण, ज्याच्या मागोमाग सगळं लष्कर चालायचं आणि मुक्काम करायचं. ते निशाण वाहणारा हत्ती तो ढालगज. घरातल्या धीट मुलीला 'ढालगज भवानी' म्हणून रागे भरतात ना, तो शब्द सैन्याच्या अग्रभागी निशाण घेऊन चालणाऱ्या हत्तीवरून आला आहे. मला लहानपणी आजी हेच म्हणायची. अर्थ कळला त्या दिवसापासून मला त्या शब्दाचा अभिमान वाटतो.

प्रश्न: तोफखान्याला स्वतःचं निशाण नसतं असं ऐकलं. खरं का? (एक वाचक, देवळाली कॅम्प)

तोफखान्याच्या परंपरेत तोफ हेच निशाण. पलटणी निशाणाला जो मान देतात तो तिथे तोफेला मिळतो, आणि तोफ शत्रूच्या हाती जाऊ देणं ही निशाण गमावण्याइतकी मोठी गोष्ट. बाकीच्या दलांना 'राष्ट्रपती निशाण' दिलं जातं. लष्करी विमानदलाला, म्हणजे आर्मी एव्हिएशन कोअरला, ते ऑक्टोबर २०१९ मध्ये आपल्या नाशिकरोडलाच मिळालं.

प्रश्न: मी ढोलपथकात ध्वज धरते. आमच्या भगव्या ध्वजावर जांभळं बोधचिन्ह आहे. जवळून सुंदर दिसतं, पण मिरवणुकीत लांबून कुणाला काही कळत नाही. काय करू? (एक वादक, कॉलेज रोड)

ताई, तुमचं चिन्ह चुकलेलं नाही, शेजार चुकला आहे. ढालींच्या शास्त्रात रंगांचे दोन गट करतात. सोनं आणि चांदी, म्हणजे पिवळा आणि पांढरा, हे 'धातू'. तांबडा, निळा, हिरवा, काळा, जांभळा हे 'रंग'. नियम असा, की रंगावर रंग ठेवू नये, धातूवर धातू ठेवू नये. गडदावर गडद लांबून एक होतं आणि फिक्यावर फिकं विरून जातं. धुळीत, धावपळीत, शंभर पावलांवरून माणूस ओळखता यावा म्हणून केलेला हा नियम आहे. मुद्दाम मोडलेलं प्रसिद्ध उदाहरण म्हणजे जेरुसलेमच्या राज्याची ढाल, चांदीवर सोन्याचे क्रॉस. भगवा त्यांच्या मूळ यादीत नाही, पण तुमच्या ध्वजावर तो रंगासारखाच वागतो आहे.

उपाय सोपा आहे. जांभळ्या आकृतीला सगळीकडून पांढरा गोट लावा. परकराच्या किंवा झबल्याच्या कडेला लावतात तसाच. इंग्रजीत याला 'फिंब्रिएशन' म्हणतात. ब्रिटनच्या झेंड्यात निळ्या जमिनीवरच्या तांबड्या क्रॉसला पांढरी कड आहे ती याच कारणासाठी, तांबडा निळ्याला थेट टेकू नये म्हणून.

तुमचा ध्वज किती मोठा आहे ते लिहिलं नाहीत. बारा फुटी काठीवरचा असेल तर गोट बोटभर रुंद हवा, त्याहून बारीक ठेवलात तर लांबून दिसणार नाही. कापड आकृतीच्याच जातीचं घ्या. सुती गोट आणि सॅटिनची आकृती पहिल्या पावसात वेगवेगळी आवळतात आणि कड चुण्या धरते. आणि ध्वज गरगर फिरवता, तेव्हा उलट बाजूनंही आकृती दिसली पाहिजे. एकच कापड आरपार वापरलं तर मागच्या बाजूला अक्षरं उलटी येतील, म्हणून दोन कापडं पाठीला पाठ लावून, मध्ये पातळ अस्तर घालून शिवून घ्या. वजन वाढेल, तेव्हा नेफ्याला दुहेरी शिलाई मारा आणि पदर तीनदा दुमडून घ्या. शिंप्याकडून आणल्यावर काठीला लावा आणि मैत्रिणीला ध्वज घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत चालायला सांगा. तुम्ही इकडच्या टोकाला उभ्या राहून बघा.